वरच्या गच्चीचं पाणी, खालच्या घरचा उंबरा

मैत्रिणींनो, पावसाळ्याची बेगमी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक यादीच उभी राहते. पापड-कुरडया डब्यांत भरायच्या, गव्हाला एरंडेलाचा हात लावायचा, छत्र्यांच्या काड्या दुरुस्त करून आणायच्या, गाद्यांना एकदा कडक ऊन दाखवायचं. ही यादी आपल्याला आईनं, सासूबाईंनी पाठ करून दिलेली असते आणि आपण ती बिनचूक पार पाडतो. पण एक काम बहुतेक घरांच्या यादीत नसतंच. आपल्या गच्चीवर, अंगणात, गाड्या लावायच्या जागेत जो पाऊस पडणार, त्याचं पाणी जाणार कुठं? "जाईल की गटारात," असं आपण म्हणतो आणि दार लावून घेतो. यंदा दार लावण्याआधी त्या पाण्याच्या मागोमाग थोडं चालून पाहू या.

मोशीचा उतार

आमची मोशी इंद्रायणीच्या काठावरची. नकाशात पाहिलं तर नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मध्ये आम्ही. जमिनीचा उतार नदीकडे. तेव्हा प्राधिकरणाच्या पेठांत पाऊस पडो की बोऱ्हाडेवाडीत, पाण्याला शेवटी नदीच गाठायची असते.

१९९७ साली मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी हा सगळा शेतीचा भाग. शेतात पाण्याचे कायदे कुणी लिहून ठेवलेले नसतात, पण ते सगळ्यांना ठाऊक असतात. वरच्या शेतकऱ्यानं बांध फोडून आपलं पाणी खालच्याच्या उभ्या पिकात सोडलं तर गावात त्याची चर्चा होते आणि प्रसंगी चावडीही बसते. पाणी बांधाशी थोपवायचं, जिरेल तेवढं जिरू द्यायचं आणि उरलेलं ठरल्या वाटेनं ओढ्याला सोडायचं, ही ती रीत.

शेतं गेली, तिथं सोसायट्या आणि रो-हाऊस उभी राहिली. बांध गेले, कंपाउंडच्या भिंती आल्या. काही ठिकाणी ओढे बुजले, काही ठिकाणी त्यांची अरुंद गटारं झाली. पाऊस मात्र तसाच पडतो आणि उतारही तोच आहे. बदलली ती फक्त आपली रीत.

हिशेब करून पाहू

हा हिशेब आपल्या वाणसामानाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढंच लक्षात ठेवायचं.

आता हजार चौरस फुटांची गच्ची घ्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एखाद्या जोरदार दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर या एकट्या गच्चीवर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पडलं. गच्चीवर ५०० लिटरची टाकी असते ना, तशा नऊ टाक्या!

आता अर्ध्या एकरातली सोसायटी घ्या, साधारण २००० चौरस मीटरची. तेवढ्याच पावसात तिच्यावर एक लाख लिटर पाणी पडतं. जागा शेताची असती तर त्यातलं बरंचसं मातीत मुरलं असतं आणि उरलेलं सावकाश निघालं असतं. पण इमारत, कोबा, डांबर आणि फरशीनं सगळी जागा झाकली की शंभरातले ऐंशी-नव्वद भाग पाणी वाहून जातं, आणि तेही लगेच. म्हणजे दहा हजार लिटरचे आठ-नऊ टँकर आपण एका दुपारी फाटकाबाहेर ओतून देतो. चैत्र-वैशाखात याच सोसायट्यांत टँकरची वाट पाहत बायका बाल्कनीत उभ्या असतात. २५ नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हाची तारांबळ आठवा. पावसाळ्यात पाणी नकोसं आणि उन्हाळ्यात मिळेनासं, असा हा विचित्र संसार आहे.

गटार मोठं केलं की झालं?

आता तुम्ही म्हणाल, हे काम महापालिकेचं. मोठी गटारं बांधा, प्रश्न मिटला. महापालिकेचं काम आहे, यात वादच नाही. रस्त्याकडेची पावसाळी गटारं, नाले, त्यांची पावसापूर्वीची सफाई हे तिच्याकडून आपण मागून घेतलंच पाहिजे. पण गटार कितीही मोठं केलं तरी त्याला माप असतंच. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पुढं काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं. इतका पाऊस रोज पडत नाही हे खरं, पण तासा-दोन तासांत धो धो कोसळून जाणारा पाऊस आता आपल्याकडेही नवा राहिलेला नाही.

पुण्याचंच पाहा ना. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. ओढ्याच्या पात्रात आणि काठावर वस्ती दाटलेली, पाण्याला पसरायला जागा नव्हती. सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, आणि त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. एरवी त्या ओढ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

म्हणून गटाराकडे पाणी जाण्याआधी त्यातलं जमेल तेवढं आपल्या आवारात थोपवणं आणि जिरवणं हे आपलं काम. प्रत्येक आवारानं आपल्या पाण्यातला थोडा वाटा अडवला, तरी एकदम येणारा लोंढा कमी होतो आणि गटाराला सवड मिळते. स्वीडनमध्ये माल्मो शहरात ऑगस्टेनबोर्ग नावाची एक जुनी वसाहत आहे. तिथल्या तळघरांत दर मोठ्या पावसात पाणी शिरायचं. १९९८ पासून तिथं उघडे चर, लहान तळी आणि छतांवर हिरवळ करून पाणी वाटेत अडवायला सुरुवात झाली आणि तळघरं बुडण्याचा त्रास हटला. इतकं लांब कशाला, आपल्याच देशातल्या तमिळनाडूनं २००३ साली प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय सक्तीची केली.

एक भिंत आणि दोन भोकं

हे सारं मी एका भांडणाच्या निमित्तानं लिहिते आहे. आमच्या भागातली एक सोसायटी. नाव सांगत नाही, कारण अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. आवारात चिखल होतो म्हणून तिनं सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले, खाली सिमेंटचा कोबा केला. दिसायला लखलखीत झालं. पण पहिल्याच मोठ्या पावसात गाड्यांच्या चाकांना पाणी लागलं. तेव्हा कुणीतरी तोडगा काढला आणि मागच्या भिंतीला तळाशी दोन भोकं पाडली. पाणी झटकन निघून गेलं. सगळे खूश.

भिंतीच्या मागं उतारावर भाड्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. चाकणच्या, भोसरीच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं तिथं राहतात. ते पाणी त्यांच्या उंबऱ्यांवरून आत गेलं. पिठाचा डबा, मुलांची दप्तरं, जमिनीवर अंथरलेली गादी, सगळं भिजलं. दुसऱ्या दिवशी खोलीवाल्यांनी भोकांत पोती कोंबली. सोसायटीच्या वॉचमननं ती काढली. पुन्हा पोती, पुन्हा शिव्यागाळी. शेवटी पोलिसात जायची भाषा सुरू झाली.

त्यातच एकदा सोसायटीतल्या दोघी-तिघी भर पावसात छत्र्या घेऊन मागच्या गल्लीत गेल्या. तिथं एक बाई कडेवर पोर घेऊन खराट्यानं पाणी लोटत होती. ती म्हणाली, "वहिनी, पाऊस देवाचा, त्याला आम्ही काय बोलणार? पण हे पाणी तुमच्या भिंतीतल्या भोकातनं येतंय. ते बी देवानं पाडलंय का?"

या प्रश्नाला सोसायटीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढच्या सभेला मात्र या बायका नवऱ्यांना न पाठवता स्वतः गेल्या. "आपल्याकडे पाणी साचलं होतं, ते आपण काढलं नाही, तिच्या घरात नेऊन ठेवलं," असं एकीनं सरळ सांगितलं. खर्चावरून बरीच वादावादी झाली. अखेर तीन गोष्टी ठरल्या. भिंतीलगतचे ब्लॉक दोन हात रुंदीच्या पट्ट्यात काढून तिथं माती आणि झाडं घ्यायची. अर्ध्या गच्चीचं पाणी गाळून बोअरला सोडायचं. भोकं बुजवायची आणि उरलेलं पाणी महापालिकेच्या परवानगीनं रस्त्याच्या पावसाळी गटाराला जोडायचं. एवढ्यानं सगळं साधलं असं नाही. मोठ्या पावसात त्या गल्लीत आजही घोट्याएवढं पाणी येतं, कारण वर आणखी सोसायट्या आहेत. पण त्यानंतर त्या खोल्यांच्या उंबऱ्याच्या आत ते गेलेलं नाही.

आधी पाहणी

तुमच्याकडे हे करायचं तर सुरुवात पाहणीनं करा. पाऊस चालू असताना अर्धा तास छत्री घेऊन आवारात फिरा. गच्चीचे पाइप कुठं उतरतात, पाणी कुठं साचतं, कुठल्या बाजूनं बाहेर पडतं आणि बाहेर पडून कुणाच्या दारात जातं, हे वहीच्या एका पानावर रेघोट्या मारून लिहून ठेवा. मुलांना बरोबर घ्या. भूगोलाच्या पुस्तकात उतार आणि प्रवाह हे शब्द असतात, ते त्यांना इथं दिसतील.

दुसरी पाहणी अधिक महत्त्वाची. आपल्याकडे दोन वेगळ्या वाटा असतात. संडास, मोरी, स्वयंपाकघराचं पाणी ड्रेनेजमधून मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जातं. पावसाळी गटारातलं पाणी मात्र कुठंही शुद्ध न होता थेट नाल्यात आणि तिथून नदीत जातं. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की दोन्हीकडून आपत्ती. गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडला असेल, तर पावसात ड्रेनेज भरून चेंबरची झाकणं उडतात आणि मैला रस्त्यावर येतो. आणि ड्रेनेज पावसाळी गटाराला जोडलं असेल, तर आपली मोरी थेट इंद्रायणीला जोडली गेली असं समजा. अलीकडच्या वर्षांत आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहतो. त्यात कारखान्यांचा वाटा आहे, तसा आपल्या घरांच्या सांडपाण्याचाही आहे. ज्येष्ठात पालखी निघताना ज्या पाण्यात वारकरी उतरतात, ते आपल्याच दारावरून गेलेलं असतं.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत पावसाळी गटाराची जाळी वॉचमनला उचलायला सांगा. पाऊस नसताना त्यात पाणी वाहत असेल तर ते सांडपाणी, हे उघड आहे. गच्चीच्या पाइपाची परीक्षा त्याहून सोपी. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवा, गच्चीच्या तोंडातून सोडा आणि खाली कुठल्या चेंबरमध्ये निळं पाणी दिसतं ते पाहा. चेंबरमध्ये स्वतः उतरायचं नाही आणि दुसऱ्या कुणालाही उतरवायचं नाही. आतल्या विषारी वायूनं माणूस क्षणात जातो.

शोषखड्डा : साहित्य आणि कृती

रो-हाऊस किंवा लहान बंगला असेल तर एक शोषखड्डा करून घ्यायला हरकत नाही.

साहित्य : मुठीएवढे दगड, खडी, जाड धुतलेली वाळू, नायलॉनची जाळी आणि वरचं लोखंडी झाकण.

कृती : पायापासून निदान दहा फूट लांब आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून आणखी दूर जागा निवडावी. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा खणावा. आता घाई करू नका. खड्डा दोनदा पाण्यानं भरून पाहा. दुसऱ्या वेळी संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळपर्यंत जिरलं तर जमीन मुरमाची, काम होईल. तसंच उभं राहिलं तर खाली काळी चिकण माती किंवा पाषाण आहे, तिथं खड्ड्याचा उपयोग नाही. परीक्षा उतरली की तळाला दगड, त्यावर खडी, त्यावर जाळी आणि वर वाळू असे थर द्यावेत. वरची वीतभर जागा मोकळी ठेवावी. गच्चीचा पाइप त्यात सोडावा आणि जादा पाणी पावसाळी गटाराला जाईल अशी दुसरी वाट ठेवावी.

असा खड्डा एका वेळी सुमारे ४०० लिटर पाणी धरतो आणि पाऊस चालू असतानाही जिरवत राहतो. दरवर्षी पावसाआधी वरची वाळू काढून धुवायची. आणि एक लक्षात ठेवा, दोन दिवसांहून अधिक पाणी उभं राहिलं तर खड्डा तुंबला असं समजून साफ करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात.

मोठ्या सोसायटीत बोअरला पाणी सोडायचं असेल तर फक्त गच्चीचंच सोडावं, तेही गाळूनच. गाड्यांच्या जागेतलं तेलकट पाणी बोअरमध्ये गेलं तर जन्माचं नुकसान. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी बाहेर काढून देण्यासाठी पाइपाला झडप हवी. खडकाचा प्रश्न असल्यानं जाणकाराचा सल्ला घ्यावा. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच कामासाठी आहे.

सेक्रेटरींना विचारायचे प्रश्न

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय करावीच लागते. तेव्हा तुमच्या नव्या सोसायटीत ती असायलाच हवी. "आहे की," असं उत्तर येईल. "कुठं आहे, दाखवता का? आणि शेवटची साफ कधी केली?" एवढं विचारा. पुष्कळदा खड्डा सापडतो तो कुंड्यांच्या खाली, मातीनं गच्च भरलेला.

सोसायटीच्या कमिटीत महिलांसाठी जागा राखीव असतात. त्या जागेवर नुसती सही करायला बसू नका. साचलेलं पाणी कुठं किती येतं हे घरात राहणाऱ्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तुंबलेला नाला, तुटलेली जाळी, उघडं चेंबर यांची तक्रार महापालिकेच्या 'सारथी'वर आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. पाण्याखाली दडलेल्या उघड्या चेंबरनं माणसं गिळली आहेत. साचलेल्या पाण्यातून मुलांना चालवू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोचा ताप अशाच पाण्यातून येतो.

घर घ्यायच्या विचारात असाल तर आणखी एक प्रश्न. नदीला दोन पूररेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. १७ मे २०२५ रोजी आपल्या शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता. आयुष्याची पुंजी घालून बांधलेली घरं दिवसात जमीनदोस्त झाली. तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा केवढा आहे हे पाहण्याआधी महापालिकेच्या नकाशात जागा कुठल्या रेषेत आहे ते पाहा.

रोजच्या सवयी

काही गोष्टी तर बिनखर्चाच्या आहेत. अंगण झाडलेला कचरा पावसाळी गटाराच्या जाळीत लोटायचा नाही. दुधाच्या पिशव्या, उरलेलं तेल, सॅनिटरी पॅड, निर्माल्य यांना तिथं जागा नाही. गच्चीतली पानं मे महिन्यात काढून घ्यायची आणि पाइपाच्या तोंडाला जाळी बसवायची. अंगणाचा नवा कोबा करायचा असेल तर सगळं न झाकता भिंतीकडेचा हातभर पट्टा मातीचा ठेवायचा. कढीपत्ता, गवती चहा, कर्दळ लावा. मुळं माती भुसभुशीत ठेवतात, पाणी जिरतं आणि कढीपत्ता विकत आणावा लागत नाही.

आणि ही कामं वटपौर्णिमेपर्यंत लांबवू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला होता. होळी झाली की गच्ची आणि गटारं, पाडव्याला खड्ड्याची वाळू, अक्षय्य तृतीयेपर्यंत सभा घेऊन खर्चाची मंजुरी, असं सणांना बांधून टाकलं की विसरायला होत नाही.

मैत्रिणींनो, आपण शेजारी डबा पाठवतो, तो रिकामा परत येत नाही. शेजारधर्म आपल्याला शिकवावा लागत नाही. पावसाच्या पाण्याला तेवढा तो लावायचा राहून गेला आहे. या आठवड्यात एकदा आपल्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन या. भिंतीच्या तळाशी भोक आहे का ते पाहा, आणि असेल तर पलीकडे कुणाचं दार आहे तेही पाहून या.